जोडीतली दुसरी ओळ

राग धरून ठेवायची मला सवय आहे. सासूबाई म्हणायच्या, हिच्या पोटात राग लोणच्यासारखा मुरतो. खोटं नव्हतं ते. रोह्याच्या त्या क्लासवाल्याचा मला आजही राग येतो आणि मुंबईच्या त्या प्रोफेसरांचा त्याहून जास्त. दोघंही आता कुठे आहेत, आहेत की नाहीत, मला ठाऊक नाही. ठाऊक करून घ्यायची इच्छाही नाही.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. मी पेणला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. खाली गणपतीचा कारखाना, वर आमचा क्लास. नऊ मशीन. खालचं प्लास्टर उडून वर यायचं आणि फ्लॉपीच्या फटीत जाऊन बसायचं. रोज सकाळी ब्रशनं मशीन झाडणं हे माझं पहिलं काम. मालक फक्त फी गोळा करायला उगवायचा. लग्न होऊन मी खाडीकाठच्या गावात आले होते. नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर. तीन शिफ्टा आणि दर महिन्याला गेटपास नवा. सहा वर्षं झाली होती आणि दर महिन्याच्या शेवटी त्याचं तोंड उतरायचं. सासरे वारलेले. सासूबाई मिठागरात.

सासूबाईंचं आणि माझं पटत नव्हतं. उगाच गोड बोलून काय उपयोग? मी बारावीनंतर कोर्स केलेली, त्या निरक्षर. मी पंख्याखाली बसून बोटं हलवते आणि त्याचे पैसे मिळतात, हेच त्यांना पटायचं नाही. शेजारणींना सांगायच्या, आमची सून कामाला जात नाय, बसायला जातंय. मीही काही कमी नव्हते. त्या दुपारी मिठागरातून आल्या की दारात पाय धुवायच्या, आणि ते खारट पाणी माझ्या तुळशीत जातं म्हणून मी रोज कटकट करायचे. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघी झोपायचो आणि कामापुरतं बोलायचो.

त्या वर्षी प्रोफेसर आले. मुंबईच्या कुठल्याशा संस्थेत अर्थशास्त्र शिकवायचे. त्यांच्या विद्यार्थी मुलांनी पेण आणि रोहा तालुक्यातली गावंच्या गावं पिंजून घराघरातनं फॉर्म भरून आणले होते. घरात माणसं किती, कमावतं कोण, कशावर, खातात काय, विकत काय घेतात. पोती भरून कागद. त्यावरून त्यांना हिशोब करायचा होता की भातशेती गेली तर कुठल्या घराचं काय होईल, मिठागर गेलं तर काय, तांदूळ महागला तर काय. आणि हे एकदा नाही. प्रत्येक प्रश्न थोडे आकडे इकडेतिकडे करून हजारो वेळा सोडवायचा, म्हणजे उत्तर किती पक्कं ते समजतं. एका मशीनवर घातलं असतं तर अख्खा पावसाळा गेला असता. पुण्याच्या महासंगणकावर नंबर लागायला त्याहून जास्त.

म्हणून त्यांनी डोकं लढवलं. आमची पेणची नऊ मशीन, रोह्याच्या क्लासातली सात. डेटाचे सारखे सोळा तुकडे करायचे, प्रत्येक मशीनला एक तुकडा द्यायचा, सगळ्यांनी एकाच वेळी गणित करायचं आणि शेवटी उत्तरं गोळा करायची. रविवारी क्लास बंद असतो, मशीन रिकामी असतात. त्यांनी फळ्यावर सोळा चौकोन काढले आणि मध्ये रेघा ओढल्या. मला ते मनापासून आवडलं, हे कबूल करते. शिकवून शिकवून कंटाळलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी डोकं लागेल असं काम दिलं होतं. डेटा भरणं आणि तुकडे करणं माझ्याकडे आलं. गोळा करणं आणि छापणं रोह्याकडे, कारण मोठा प्रिंटर त्यांच्याकडे होता.

आमच्या घराचा या सगळ्यात जीव अडकला होता. मिठागराची जमीन एक कंपनी जेटीसाठी घेणार, हे ठरल्यात जमा होतं. ज्याचं पूर्णवेळ काम बुडेल त्याला बाधित असल्याचा दाखला मिळणार होता, आणि एका दाखल्यावर घरातल्या एकाला पर्मनंट नोकरी. मिठागराच्या मालकाकडे हजेरीपट कधी नव्हताच. तेव्हा पेणच्या प्रांत कचेरीनं ठरवलं की प्रोफेसरांची पाहणी झालेलीच आहे, त्यातूनच नावं घ्यायची. सासूबाईंचा दाखला म्हणजे माझ्या नवऱ्याची पर्मनंट नोकरी. ज्या दिवशी हे त्यांना कळलं त्या संध्याकाळी त्यांनी मला तव्यावरची गरम भाकरी वाढली आणि विचारलं, तुझं मशीन मिठागरवाल्यांची पण नावं लिवतंय काय गो? मी म्हटलं, लिहितं. त्या दिवशी त्यांनी पाय मागच्या दारी धुतले.

आता मिठागराची रीत सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. तिथे काम एकट्याला देत नाहीत, जोडीला देतात. एकानं लाकडी फावड्यानं वाफ्यातलं मीठ ओढायचं, दुसऱ्यानं टोपलीनं ढिगावर नेऊन टाकायचं. मजुरी जोडीची, एकच आकडा, तो पुरुषाच्या नावावर. बहुतेक नवरा-बायको. नवरा नसला तर भावाबरोबर, दिराबरोबर. एकट्या बाईला वाफा मिळत नाही. सासरे गेल्यावर सासूबाई त्यांच्या दिराबरोबर जोडीत जायच्या. चुलतसासरे दहा वाजेपर्यंत फावडं मारायचे आणि मग छपरात बिडी ओढत बसायचे. मग फावडंही सासूबाईंचं आणि टोपलीही सासूबाईंची. मजुरी ते घ्यायचे आणि मनात येईल ते यांच्या हातावर ठेवायचे. फॉर्मवर प्रोफेसरांच्या मुलांनी दोन नावं लिहून पुढे एक महिरपी कंस काढला होता आणि कंसाबाहेर एक आकडा. मी तसंच भरलं. दोन ओळी, आणि दुसऱ्या ओळीत एक खूण की आकडा पहिल्या ओळीत पाहा.

पहिल्या रविवारी पेणची मशीन चालली, रोह्याची अडली. दुपारी फोन आला. रोह्याचा क्लासवाला मला कधी भेटलाही नव्हता, पण असा बोलला की मी त्याच्या घरची मोलकरीण. तुमच्या फाईलीत कचरा आहे, म्हणे. मी फ्लॉप्या परत मागवल्या. फोनवरून डेटा पाठवायचा म्हटलं तर लाईन मध्येच तुटायची, त्यामुळे आमचा सगळा कारभार एसटीनं. कंडक्टरच्या हातात पाकीट द्यायचं, ते वडखळ, गडब, नागोठणं करत रोह्याला पोचायचं, आणि तिकडून कुणीतरी स्टँडवर येऊन घ्यायचं. फ्लॉपी तपासली. ठीक होती. उरलेले फॉर्म भरून तुकडे नव्यानं पाडले. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. या वेळी आमची दोन मशीनही अडली.

दोष मला सोमवारी सापडला. तुकडे सारखे पाडायचे म्हणून मी ओळी मोजून फाईल कापत होते. त्यात कुठे कुठे जोडीच्या मधूनच सुरी जायची. नवरा पेणच्या मशीनवर आणि बायको रोह्याच्या. बायकोच्या ओळीवर आलं की मशीन पहिली ओळ शोधायचं, ती तिथे नसायचीच, की थांबलं. उपाय सरळ होता. जोडी जिथे संपते तिथेच कापायचं. पण त्यासाठी कापायचा प्रोग्राम नव्यानं लिहावा लागणार, दोन-तीन दिवस जाणार, आणि तुकडे लहानमोठे होणार.

बुधवारी प्रोफेसरांनी मला रोह्याला बोलावलं. त्यांना रिपोर्ट द्यायची तारीख जवळ आली होती आणि ते नाकावर राग घेऊनच बसले होते. तिथे त्या क्लासवाल्याला मी पहिल्यांदा पाहिलं. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माझ्याकडे न बघता तो प्रोफेसरांना म्हणाला, "सर, ह्या बाईंना कापाकापी जमत नाही. खाडीकडच्या आहेत, कोळंबी सोलायला द्या." प्रोफेसर हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. मी तिथल्या तिथे म्हटलं, या रविवारी सोळाच्या सोळा मशीन न थांबता चालतील, नाही चालली तर तोंड दाखवणार नाही. एवढं बोलून चहा न घेता उठले. परतीच्या एसटीत माझे कान नागोठण्यापर्यंत गरम होते.

दोन-तीन दिवसांचं काम करायला माझ्याकडे वेळ होता का? होता. पण तुकडे लहानमोठे झाले की तो म्हणाला असता, पेणवाल्यांनी स्वतःकडे हलकं काम ठेवलं. त्याला बोलायला जागाच ठेवायची नव्हती मला. म्हणून मी दहा ओळींची युक्ती केली. जोडीतल्या पहिल्या नावावर पूर्ण आकडा ठेवायचा, दुसऱ्या नावावर शून्य. प्रत्येक ओळ आपल्या पायावर उभी, कुणाला कुणाची गरज नाही. कुठेही कापा. जोडीची एकूण बेरीज तीच राहते, म्हणजे प्रोफेसरांच्या गणिताला धक्का नाही. बघायला म्हणून मी आमच्या गावाच्या ओळी पडद्यावर आणल्या. चुलतसासऱ्यांच्या पुढे आकडा होता. खाली सासूबाईंचं नाव, पुढे शून्य. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. उत्तरं गोळा झाली की खुणा परत घालू, असं मनाशी म्हटलं आणि फ्लॉप्या भरायला घेतल्या.

त्या रविवारी सकाळपासून संध्याकाळच्या चहापर्यंत सोळा मशीन चालली. एकही अडलं नाही. रोह्याहून प्रोफेसरांचा फोन आला, शाब्बास म्हणाले, आणि असं काम मुंबईतही होत नाही म्हणाले. रोह्याच्या क्लासवाल्यानं फोन घेतला आणि फक्त इकडचीही सगळी चालली एवढं सांगून ठेवून दिला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! घरी जाताना मी स्टँडवरून पाव किलो बालूशाही घेतली. सासूबाईंनाही दिली. कशाची म्हणून त्यांनी विचारलं, तर म्हटलं, तुमचंच काम झालं.

शून्यांची गोष्ट मी रोह्याला फोनवर सांगितली होती आणि त्यानं मुद्दाम दाबली, असं मी पुढे कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले. नवऱ्यालाही हेच सांगितलं. नव्हती सांगितली. सांगायची तर मी प्रोग्राम दुरुस्त केला नाही, नुसती पळवाट काढली, हे त्या माणसाला सांगावं लागलं असतं. माझी जीभ रेटली नाही. पुढच्या आठवड्यात सांगू म्हणत राहिले, आणि त्याच आठवड्यात प्रोफेसरांनी त्याच फाईलीतून ज्यांच्यापुढे पुरेसा आकडा आहे अशांची यादी छापून कचेरीला दिली.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. सासूबाईंनी मला हाताला धरून तिथे नेलं. हाताला धरून, आयुष्यात पहिल्यांदा. वाच, म्हणाल्या. आजूबाजूला मिठागरातल्या बायका उभ्या होत्या. मी वाचत गेले. पुरुष, पुरुष, पुरुष. चुलतसासऱ्यांचं नाव आलं. बाईचं एकही नाव नाही. मी पुन्हा वरपासून वाचलं, जणू दुसऱ्यांदा वाचल्यानं नावं उगवणार होती. सासूबाईंनी विचारलं, माझं कुठं हाय? मी म्हटलं, चूक झालीय. कुणाची, म्हणाल्या. रोह्याच्या माणसाची, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला जाऊन थडकले. योगायोगानं प्रोफेसर तिथेच होते. मी तावातावानं बोलले, बायकांची नावं खाल्लीत म्हटलं. क्लासवाल्यानं माझी फाईल छापली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. त्या कागदावर काय असणार ते मला न बघताच माहीत होतं. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, ते असतं तर बरं झालं असतं. प्रोफेसरांनी चष्मा काढला आणि मला वर्गातल्यासारखं समजावलं. पूर्णवेळ कामगार ठरवायला वर्षाच्या मजुरीची एक हद्द आहे. जोडीचा अख्खा आकडा त्या हद्दीच्या जरासाच वर आहे. तो दोघांत अर्धा अर्धा केला की दोघंही खाली जातात. "बाई, तुमच्या शून्यामुळे निदान एकाला तरी मिळतोय दाखला," ते म्हणाले. "दुरुस्त करायचं तर अर्ज द्या, पण मग सगळ्याच जोड्यांचे आकडे वाटावे लागतील आणि कुणालाच मिळणार नाही. रिपोर्ट गेलाय. माझं काम संपलं." आणि त्यांनी हात झटकले. सोळा मशीनवर हजारो वेळा आमच्या घरांचं काय होईल ते मोजलेला माणूस! जोडी म्हणजे काय, ते त्यांना फॉर्मवरच्या कंसापलीकडे माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

मी अर्ज दिला. त्याच दिवशी, पेणला उतरल्या उतरल्या, सासूबाईंच्या नावानं. त्यांना विचारलं नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. त्या खडे वेचत राहिल्या. संध्याकाळी चुलतसासरे चार माणसं घेऊन अंगणात आले. आत यायलाही तयार नव्हते. गावातल्या सगळ्या जोड्यांचे दाखले तुझ्या सुनेनं पाण्यात घातले, म्हणाले. माझा नवरा दारात उभा राहून खाली बघत होता. त्याला तर दोन्हीकडून काहीच मिळणार नव्हतं. बाहेरच्या एकानं मला शिव्या दिल्या, मीही दिल्या. सासूबाई उठल्या, सुपातले खडे अंगणात टाकले आणि म्हणाल्या, बोलावतील तवा मी जाईन, आता घरी जावा.

त्या रात्री आणि पुढे आठवडाभर त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पहाटे उठून मिठागरात जायच्या, त्याच दिराबरोबर, त्याच वाफ्यावर. मी मनातल्या मनात भाषणं तयार करत होते. साहेबांना जोडीची रीत सांगायची, हद्द बायकांना लावूच नये म्हणायचं, टोपल्या मोजा म्हणायचं. सगळं पाठ केलं होतं.

सुनावणी पेणला कचेरीत होती. आम्ही दोघी एसटीनं आलो. कचेरीत मागच्या बाकावर चुलतसासरे आणि गावची माणसं येऊन बसली होती. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी अर्ज वाचला. मी बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, तुम्ही थांबा, मला ह्यांनाच विचारायचंय. मग सासूबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्ही मिठागरात काम करता का?

"नाय सायब," सासूबाई म्हणाल्या. "मी घरात असते. सुनेचा गैरसमज झाला."

मी त्यांचा दंड धरला. आई, अहो काय बोलताय, एवढंच माझ्या तोंडून निघालं. त्यांनी माझा हात सोडवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. हळूच बोलल्या, पण मला ऐकू जाईल एवढ्यानं. "मना आदी इचारलं असतंस, तर तवाच सांगितलं असतं, मी किती टोपल्या टाकते. आता त्यांच्या पोरांच्या नोकऱ्या कशाला घालवू?"

साहेबांनी क्लार्कला जबाब लिहायला सांगितला. मी मिठागरात काम करत नव्हते व करत नाही, अर्ज मागे घेत आहे. क्लार्कनं शाईचं पॅड पुढे केलं. सासूबाईंनी अंगठा शाईत घातला आणि कागदावर टेकवला. नुसता काळा गोळा उठला. क्लार्कनं फडक्यानं अंगठा पुसला, पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः अंगठा धरून उजेडाकडे वळवून पाहिला. तीस वर्षांच्या मिठानं त्यावर एकही रेघ ठेवली नव्हती.

"रेषाच नाहीत बाईंच्या अंगठ्याला," तो वैतागून साहेबांना म्हणाला. साहेबांनी अंगठ्याकडे बघितलं, मग लिहिलेल्या जबाबाकडे. क्लार्क माझ्याकडे वळला. तुम्ही सून ना, मग तुम्ही धरा आणि जरा जोर द्या, म्हणाला.

मी सासूबाईंचा अंगठा माझ्या दोन बोटांत धरला आणि त्या कागदावर दाबला. क्लार्क म्हणाला, चालेल. आणि डागाच्या खाली साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.